गेनू साळिंदर, हजर?

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. झाडं होती, ओढा होता, ओढ्यापलीकडे सरकारी विद्यापीठ होतं. फक्त आराखडा नव्हता. शेजारच्या जंगलाने आराखडा केला, तेव्हा कुठे वाघराजांना कळलं की आपण इतके दिवस नुसतेच जगत होतो.

मग एक समिती बसली. बसली म्हणजे उभी राहिली. कारण प्रधान सचिव होते बगळेसाहेब, आणि ते एका पायावर उभं राहूनच विचार करायचे. विद्यापीठाकडून कुलगुरू आले. ते कासव होते. प्रश्न आला की ते मान आत घ्यायचे आणि प्रश्न निघून गेला की बाहेर काढायचे. दूरच्या जंगलातून सल्लागार म्हणून एक वटवाघूळ बोलावलं. ते फांदीला उलटं लटकून आराखड्याकडे बघायचं. त्यामुळे खाली घसरणाऱ्या सगळ्या रेघा त्याला वर चढताना दिसायच्या. समितीला ही दृष्टी फार आवडली. हळूहळू सगळेच मान वाकडी करून बघायला लागले.

आराखड्याचं नाव ठरलं ‘घरबसल्या विद्या’. विद्यार्थ्याने विद्येकडे जायचं नाही, विद्याच त्याच्या बिळापाशी येणार. कशी? तर तंत्रज्ञानाने. तंत्रज्ञान म्हणजे मैना. पहिल्या टप्प्यात मैना दारोदार उडत जाऊन हजेरी घेणार. दुसऱ्या टप्प्यात धडे सांगणार. धडे कोणते, ते दुसऱ्या टप्प्यात ठरणार.

ओढ्यावर एक ओंडका आडवा टाकावा, अशी विद्यार्थ्यांची जुनी मागणी होती. ती समितीने हसून खोडली. विद्या घरी येणार म्हटल्यावर ओंडका कशाला हवा?

परीक्षेला मात्र पलीकडेच जायचं होतं. परीक्षा आराखड्यात घालायची राहून गेली होती.

त्या श्रावणात गेनू साळिंदर परीक्षेला निघाला आणि ओढ्याने त्याला नेलं.

गेनूला एक धाकटा भाऊ होता, टोच्या. शाळेत हा जेमतेम एक पावसाळा टिकला. गुरुजी रागावले, हा उलटा फिरला, आणि गुरुजींना पुढे कितीतरी दिवस उभ्यानेच शिकवावं लागलं. त्यानंतर टोच्या जे काही शिकला ते दादाकडून, झोपता झोपता. चंद्र बारीक का होतो ते उद्या सांगतो, असं दादा म्हणाला होता. आता टोच्या चंद्राकडे बघतच नसे. बघितलं की त्याला राग यायचा.

राग त्याला कशाचाही यायचा. ओढ्याचा यायचा. ओढ्याचं पाणी पिणाऱ्यांचा यायचा. सांत्वनाला आलेल्या सशाने “होतं असं” म्हटलं, तर टोच्याने त्याला कुंपणापर्यंत पिटाळलं.

आणि अशात एके दिवशी पहाटे दारातल्या करवंदीवर मैना येऊन बसली.

“गेनू साळिंदर, हजर?”

पहाट म्हणजे साळिंदरांची झोपायची वेळ. टोच्या ताडकन उठून बाहेर आला.

“तो मेलाय.”

“असं उत्तर नाहीये रे,” मैना म्हणाली. “हजर, येतोच आहे, आणि आवाज आला नाही. तिन्हीतलं एक सांग.”

“अगं बये, मेलाय तो! ओढ्यात!”

“मग आवाज आला नाही,” मैना म्हणाली आणि उडून गेली.

आता आराखड्यात एक नियम होता. ज्याचा आवाज आला नाही, त्याला हाक ऐकू गेली नाही. आणि ज्याला हाक ऐकू गेली नाही, त्याला आणखी मोठ्याने हाक मारावी.

दुसऱ्या दिवशी मैनांचा घोळका आला. सगळ्या एकसुरात ओरडल्या, “गेनू साळिंदर, हजर?” मग त्यांच्या मदतीला टिटव्या आल्या. मग मोर आले. मोरांनी दादाचं नाव असं काही ताणलं की शेजारचे ससे बिऱ्हाड हलवून टेकडीमागे राहायला गेले. आणि एके पहाटे करवंदीमागे जमीन हादरली. टोच्याने डोकं बाहेर काढलं तर दारात सरकारी हत्ती.

हत्तीने सोंड वर केली.

“गेऽऽनूऽऽ!”

बिळाच्या छताची माती टोच्याच्या डोक्यावर पडली. माती झटकत तो वळला तर आई दाराशी बसलेली. डोळे सताड उघडे, तोंड ओढ्याकडे.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आई रोजच अशी बसलेली असते. हाक यायच्या आधीपासून. झोप म्हणून तिला उरलीच नव्हती.

“आई, आत चल.”

“तू झोप,” आई म्हणाली. “मी आहे इथे.”

टोच्याच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. हे माझ्या आईला मारणार, असं तो स्वतःशीच म्हणाला, आणि तसाच थेट दरबारात गेला. वाटेतला ओढा त्याने पोहून कसा पार केला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

दरबारात वाघराजे डुलकी काढत होते. समिती मान वाकडी करून आराखडा बघत होती.

“माझ्या दादाला हाका मारणं बंद करा,” टोच्या म्हणाला. “तो मेलाय.”

कुलगुरूंनी मान आत घेतली.

“वाईट झालं,” बगळेसाहेब म्हणाले. “पण आराखड्यात तशी तरतूद नाही. पाच वर्षांचा आराखडा आहे. तेवढ्या मुदतीत कुणी मरेल असं आम्ही धरलेलं नाही.”

“मग आता धरा.”

“असं मध्येच धरता येत नाही. विद्यार्थ्याने स्वतः येऊन तसं सांगायला हवं.”

“मेलेला कसा येईल?”

“म्हणून तर हाक मारतोय की रोज.”

वरून वटवाघूळ म्हणालं, “कोण, गेनू ना? हुशार दिसतो. आमच्या इथून तो सगळ्यांच्या वर आहे.”

टोच्याने त्याच्याकडे बघितलं. त्याला आपलं डोकं फिरल्यासारखं वाटलं. “एक ओंडका मागितला होता त्याने,” तो म्हणाला. “एक साधा ओंडका. तुम्ही तो टाकला असता तर दादा आज स्वतः ओरडला असता, हजर म्हणून. त्याचा आवाज केवढा मोठा होता माहितीये का तुम्हाला?”

कासवाच्या पाठीवर एक माशी बसली आणि उडाली.

“ओंडक्याचा विचार दुसऱ्या टप्प्यात होईल,” बगळेसाहेब मऊ आवाजात म्हणाले.

“कधी आहे तुमचा दुसरा टप्पा?”

“ते पहिला टप्पा यशस्वी झाल्याशिवाय कसं सांगणार?”

टोच्या उलटा फिरला.

मुलांनो, साळिंदर उलटं फिरलं की शहाण्याने बाजूला व्हायचं असतं. पण बगळेसाहेब विचारात होते. टोच्या मागच्या मागे धावला आणि त्याचा काटा साहेबांच्या त्या एकुलत्या एक टेकलेल्या पायात घुसला. साहेबांनी किंकाळी फोडली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा दुसरा पाय जमिनीला लागला.

किंकाळीने वाघराजे जागे झाले.

“काय झालं?”

सगळे साहेबांच्या पायाकडे बघत होते. राजाला खरं कोण सांगणार? वटवाघूळ मात्र अनुभवी होतं.

“महाराज, आराखडा पुढच्या पायरीवर गेला. दुसरा टप्पा सुरू झाला.”

“वा!” राजे म्हणाले. “म्हणजे पहिला यशस्वी झाला. सगळे हजर आहेत ना?”

“एक सोडून सगळे, महाराज,” बगळेसाहेब दोन्ही पायांवर डुलत म्हणाले. “एका साळिंदराचा आवाज येत नाही.”

“मग त्याला वगळा. म्हणजे झाले सगळे.” आणि राजे पुन्हा झोपले.

टाळ्या वाजल्या. कुलगुरूंनी मान बाहेर काढून टाळ्या वाजवल्या. गेनूचं नाव तिथल्या तिथे निघालं. हत्तीला घरी पाठवलं. आणि टोच्याला शिक्षा व्हायच्या ऐवजी, आराखड्याला गती दिल्याबद्दल एक रताळं मिळालं.

रताळं तोंडात धरून तो घरी पळत आला. खूप दिवसांनी त्याने काहीतरी करून दाखवलं होतं. दादाला सांगायला हवं, असं त्याला वाटलं. मग आठवलं. तरी तो पळत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे करवंदीवर कुणी आलं नाही. टोच्या गाढ झोपला. जागा झाला तर ऊन वर आलं होतं आणि आई दाराशी बसलेली होती.

“आई, झोप की आता. कुणी येणार नाही.”

“आली नाही आज मैना,” आई म्हणाली. “आजारी असेल. घसा बसला होता बिचारीचा.”

“येणारच नाही ती. मी दादाचं नाव काढून आलोय.”

आई त्याच्याकडे वळली. तिच्या पुढ्यात पळसाच्या पानावर थोडा मध होता. मैनेच्या घशासाठी काढून ठेवलेला.

“काढलंस?”

“तुला झोप लागत नव्हती ना.”

“मी हाक ऐकायला जागी राहायचे रे,” आई म्हणाली. “हाक आली की वाटायचं, आहे तो. झोपलाय नुसता. लहानपणीही एका हाकेत कुठे उठायचा?”

मधाला मुंग्या लागल्या, तरी तिने पान उचललं नाही.

टोच्या त्याच पावली पुन्हा दरबारात गेला. चूक झाली म्हणाला. दादाचं नाव परत घाला म्हणाला. तो जवळ येताच बगळेसाहेब झाडावर जाऊन बसले.

“आता तर मुळीच नाही,” ते वरून म्हणाले. “आराखडा बिनचूक झालाय. त्याला उगाच हात लावायचा नाही.”

पुढची पहाट झाली. आई दाराशी येऊन बसली. सवयच ती.

टोच्या आधीच मागच्या वाटेने बाहेर पडला होता. तो करवंदीच्या आड अंग चोरून बसला. त्याला मैनेचा आवाज काढता येत नव्हता. कुणाचाच आवाज काढता येत नव्हता. त्याचा स्वतःचा आवाजही त्या वेळी नीट लागत नव्हता.

“गेनू साळिंदर,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “हजर?”

बिळाच्या दाराशी आईने कान टवकारले.

मग आई म्हणाली, “मैनाबाई, जरा मोठ्याने हाक मारा. तो एका हाकेत उठत नाही.”

टोच्याने डोळे पुसले आणि छाती भरून हाक मारली.

तात्पर्य: मुलांनो, सरकारी आराखड्यात आपल्या माणसाच्या नावापुढे चूक झाली असेल, तर ती दुरुस्त करायला कधीही धावू नका. आराखडा बिनचूक झाला की त्यात आपलं कुणी उरत नाही.