बचावाचे मोहिते सर

मोहिते सर स्वतःच्या मरणाबद्दल फार मोकळेपणाने बोलतात.

"मी पहिल्यांदा मेलो ते नांदेडला," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. कुवेतमध्ये फहाहीलला आम्ही दोघं एकाच इमारतीत राहतो, आणि ती भेट लिफ्टमध्ये झाली. "मग वर्षभर घरी तसाच मेलेला बसून होतो. मग जळगावला जिवंत झालो. तिथं बरं चाललं होतं, पण प्राचार्य बदलले आन पुन्हा मेलो."

मी सातव्या मजल्यावर राहतो, पण त्या दिवशी चौथ्यावरच उतरलो आणि उरलेले जिने चढून गेलो. याचं मला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होतं. मला तसं कशाचंही वाईट वाटतं. बायको म्हणते, तुम्हाला दुसरा छंद नाही.

खुलासा नंतर झाला. सर मूळचे कबड्डीवाले. कबड्डीत गडी बाद झाला की तो 'मेला' आणि परत मैदानात आला की 'जिवंत झाला'. सरांनी हीच भाषा नोकरीला लावली होती. नोकरी गेली की मेलो, लागली की जिवंत. त्यात त्यांना विनोद वाटत नाही. आमच्या ऑफिसातल्या एकाचं काम सुटलं तेव्हा मंडळाच्या गणपतीत, सगळ्यांसमोर, सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मेलास का? असू दे. दुसरा कुणी मेला की तू जिवंत." त्याची बायको शेजारीच उभी होती.

सर कऱ्हाडकडचे. कॉलेजच्या संघात उजव्या कोपऱ्याला खेळायचे. चढाई करणारा समोरून येतो, त्याचा घोटा धरून ठेवायचा, एवढंच काम. गुडघा गेल्यावर ते प्रशिक्षक झाले, पण पूर्ण नव्हेत. फक्त पकडीचे. मुख्य प्रशिक्षक नेहमी दुसराच, आणि तो नेहमी चढाईवाला. "चढाईवाल्याचा फोटो पेपरात येतो," सर सांगतात. "पकडणाऱ्याचे नुसते हात येतात. तेबी दुसऱ्याच्या पायाला."

पुढचं सगळं आयुष्य कॉलेजं बदलण्यात गेलं. नेमणूक तासिका तत्त्वावर. संघ हरला की मुख्य प्रशिक्षकाला काढायचे, आणि मुख्य गेला की त्याच्याबरोबर पकडीचा मास्तरही जायचा. संघ जिंकला की मुख्य प्रशिक्षकाला मोठ्या कॉलेजातून बोलावणं यायचं, आणि जाताना तो म्हणायचा, "मोहिते, तूही चल." म्हणजे हरलं तरी सामान बांधायचं, जिंकलं तरी बांधायचं. सरांची पत्नी सुनंदावहिनी कऱ्हाडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांची नोकरी पक्की, त्यामुळे त्यांनी जागा सोडायची नाही असं ठरलं. दोघं भेटायचे ते दिवाळीत आणि मेमध्ये.

मग सर कुवेतला आले, तेही चुकून. मुंबईच्या एजंटने विचारलं, नेमकं काय शिकवता? सर म्हणाले, "डिफेन्स." एजंटने तेवढंच लिहिलं. इथल्या सलवा भागातल्या एका शाळेला फुटबॉलसाठी 'डिफेन्स कोच' हवाच होता.

"मला शेवटपर्यंत वाटलं कबड्डी," सर सांगतात. "मैदानात गेलो, तर मधे बॉल!"

तिथले मुख्य प्रशिक्षक कॅप्टन हानी म्हणून एक इजिप्शियन गृहस्थ होते. इथे खेळ शिकवणाऱ्याला कॅप्टन म्हणतात, म्हणून सरही 'कॅप्टन दत्ता' झाले. हानींना त्यांनी पहिल्याच दिवशी आपल्या हिंदीत बजावलं, "बॉल तुम देखो. मैं पांव देखता हूं." हे हानींना कितपत कळलं कोण जाणे. पण सर खरोखरच बॉलकडे बघत नाहीत. माणसाकडेही बघत नाहीत, त्याच्या पायांकडे बघतात. आमची मुलगी त्यांच्या शाळेत आहे. ती एकदा म्हणाली, "बाबा, ही इज सो वीअर्ड. मी गुड मॉर्निंग म्हटलं, तर माझ्या शूजना गुड मॉर्निंग म्हणाले."

कबड्डीत दोन गडी हातात हात घालून साखळी करतात. सरांनी बचावफळीच्या चार मुलांना पहिल्या सरावात साखळी शिकवली. पोरांनी सामन्यातही ती केली. चौघं हातात हात घालून उभे. रेफरीने शिट्टी तोंडात धरली, पण कशाबद्दल वाजवायची हे त्याला सुचेना. नंतर हानींनी कपाळ बडवून घेतल्यावर सरांनी साखळी फक्त सरावापुरती ठेवली. सामन्यात हात सोडायचे, पण सोडलेले नाहीत असं समजून हलायचं.

आणि आश्चर्य म्हणजे ते जमलं. चौघं एका दोरीला बांधल्यासारखे पुढे-मागे व्हायचे आणि समोरची पोरं दर वेळी ऑफसाइडला सापडायची. शाळा हरायची थांबली. जिंकायलाही लागली नाही, पण ते खातं हानींचं होतं. बरेचसे सामने शून्य-शून्य सुटायचे. सरांना तो निकाल मनापासून आवडायचा. "किती स्वच्छ दिसतंय बगा," ते म्हणायचे.

हे सगळं मला ठाऊक, कारण सामन्यांना त्यांना मी गाडीने नेतो. वाहनपरवान्याच्या परीक्षेत ते पुन्हा पुन्हा नापास झाले. वळणावर समोरून गाडी आली की हे थांबतात, इथवर ठीक. पण मग तिलाही जाऊ देत नाहीत.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. सुनंदावहिनी निवृत्त झाल्या आणि कॅप्टन हानींना दुबईला नोकरी लागली.

सर संध्याकाळी माझ्याकडे आले आणि चहा घेता घेता कार्यालयीन आवाजात म्हणाले, "नाईकसाहेब, आता दोघांनी एका मैदानात उतरायचं म्हणतोय."

अडचण पगाराची होती. कुटुंबाचा व्हिसा मिळायला जेवढा पगार लागतो, तेवढा सरांना नव्हता. मुख्य प्रशिक्षकाला होता. मी सुचवलं, भेटीचा व्हिसा काढा, थोडे दिवस तरी येतील.

"पाहुणी म्हणून?" सर म्हणाले. "आवो, पाहुणा व्हायचं काम आजवर मी केलं की. दिवाळीला जायचो, तर ती चांगलं ताट काढायची. नवऱ्याला कुणी चांगलं ताट काढतं व्हय?"

आमच्या घरी रोज साधी ताटं असतात आणि जेवताना आम्ही दोघं आपापल्या मोबाइलमध्ये बघत असतो. मी चहाचा कप उगाचच विसळून आलो.

शाळेच्या प्राचार्याबाईंनी सरांना स्पष्ट सांगितलं होतं. नवा माणूस बघून ठेवलाय. पण आंतरशालेय स्पर्धेचा पुढचा सामना जिंकून दाखवलात, तर जागा तुमची. बरोबरी चालणार नाही.

सर तयारीला लागले. म्हणजे सलव्याला सराव आणि फहाहीलला बाजार. दर शुक्रवारी ते भांड्यांच्या दुकानात जाऊन एक बिडाचा तवा बघून यायचे. घ्यायचे नाहीत. दुकानदार मलबारी. तो वैतागून म्हणाला, "सर, घेऊन जा, पैसे नंतर द्या." सर म्हणाले, "पकड झाल्याशिवाय गुण लिहायचा नसतो." माझ्या बायकोला त्यांनी विचारलं, बाईमाणसाला स्वयंपाकघरात ओटा किती उंच लागतो? तिने विचारलं, वहिनींची उंची किती?  सरांनी हात आपल्या खांद्याजवळ नेला, जरा खाली आणला, परत वर नेला. "विचारून सांगतो," म्हणाले.

गोल कसा करायचा हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी हिशेब तपासणारा माणूस. तरी आम्ही दोघं मोबाइलवर गोलांचे व्हिडिओ बघत बसायचो आणि सर दर गोलाला हळहळायचे. "ह्याचा डावा पाय बगा, इथंच कळायला पायजे होतं," असं ज्याच्यावर गोल झाला त्याच्या बाजूने बोलायचे.

सामना शनिवारी दुपारनंतर होता. धुळीमुळे आकाश मळकट झालं होतं. प्राचार्याबाई छत्रीखाली बसल्या होत्या. सरांची बचावफळी त्या दिवशी जशी खेळली तशी मी कधी पाहिली नव्हती. समोरच्या संघाला वाटच मिळेना. आमच्यालाही मिळत नव्हती, पण वाईट काहीच होत नव्हतं. सामना संपत आला आणि फळ्यावर सरांच्या आवडीची ती दोन स्वच्छ शून्यं होती.

सर एकदा फळ्याकडे बघायचे, एकदा छत्रीकडे. मग ते रेषेपर्यंत गेले आणि दोन्ही हात हवेत फिरवून ओरडले, "यल्ला! आगे! सब आगे जाव!"

वडिलांनी अचानक पत्ते खेळायला बोलवावं तशी ती चार मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. एकाने विचारलंसुद्धा, "कॅप्टन, अस ऑल्सो?"

"तूबी जा! जा म्हणतोय न्हवं!"

मीही ओरडलो, "पुढे, पुढे!" का ओरडलो ते सांगता येणार नाही. पोरं पुढे गेली. बॉल कुणाच्या तरी पायाला लागून उलटा आला आणि समोरच्या संघातल्या एका बारक्या मुलाला मिळाला. त्याच्यापुढे अर्धं मैदान मोकळं. तोही बिचकला असावा, कारण आमच्या मैदानात इतकी जागा त्याने कधी पाहिली नसेल. कुलूप न लावलेल्या घरात शिरावं तसा तो इकडेतिकडे बघत गेला आणि हळूच गोल करून आला.

सामना संपल्यावर प्राचार्याबाई सरांशी फार चांगल्या बोलल्या. नवे कॅप्टन जॉर्डनहून येतायत म्हणाल्या. तुम्ही बचाव उत्तम सांभाळता, तोच सांभाळत राहा. सर "शुकरन मॅडम" म्हणाले, चारही पोरांच्या पाठीवर थापा मारल्या आणि गाडीत येऊन पट्टा लावून बसले.

मी गाडी महामार्गावर घेतली. मग त्यांचा फोन वाजला. त्यांना फोन कानाला लावायची सवय नाही. ते स्पीकर सुरू करून तो मांडीवर ठेवतात.

"काय झालं हो?" सुनंदावहिनी.

"हरलो. एक-शून्य."

"म्हणजे गोल झाला? तुमच्यावर?" घरात चोरी झाली म्हटल्यावर विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"झाला."

"मागं कुणीच नव्हतं?"

"न्हवतं. सगळी पुढं गेली हुती."

"कुणी पाठवली?"

"मी."

"तुम्ही? उभ्या जन्मात कधी मधली रेघ ओलांडली नाही तुम्ही. लग्नात अंतरपाट दूर झाला तरी जागचे हलला नव्हता, मामांनी ढकललं तुम्हाला. आज काय झालं होतं?"

सर खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. विजेचे खांब आणि धूळ.

"तू यावीस म्हणून," ते म्हणाले.

फोनमधून काहीच आवाज येईना. सरांनी तो उचलला, हलवला. "हॅलो? सुनंदा? रेंज गेली का काय?"

"नाही. आहे मी," वहिनी म्हणाल्या. "परत म्हणा."

"अगं, नाईकसाहेब हायत शेजारी. गाडीत हाय मी."

"असू देत की. परत म्हणा."

सरांनी घसा खाकरला. समोर फहाहीलला उतरायचा फाटा आला होता. मी गाडी सरळ जाऊ दिली.