करड्या मफलरचा नायक

"दीदी, अठारा तारीख मत रखो. उस दिन मौनी अमावस है," पोळ्या लाटता लाटता नर्मदाबाईंनी सांगितलं होतं.

ऋचाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. मराठी मंडळ दरवर्षी ते पुण्याहून मागवतं. "बाई, मौनी माघात येते ना? आमचा तर अजून पौषच चालू आहे."

"आपका पूस होगा. नर्मदाजी के घाट पे तो आधा माघ निकल गया. और सुन लो, उस दिन मैं काम पे आऊँगी, पर बोलूँगी नहीं."

"चालेल," ऋचा म्हणाली. नर्मदाबाई दिवसभर बोलणार नाहीत, हे तिला सूचनेपेक्षा बक्षीस वाटलं. जबलपूरचा महिना पौर्णिमेला बदलतो आणि आपला अमावस्येला, हे एम. ए. झालेल्या ऋचाला माहीत नव्हतं असं नाही. फक्त ते आठवायच्या वेळी ती चार वर्षांच्या वेदांगच्या दंडावर बॉलपेनने आपला मोबाइल नंबर लिहीत होती. वेदांग तेव्हा घरातच, पलंगावर बसलेला होता. पण सांगता येत नाही.

ऋचाचं सगळं असंच. गॅस बंद आहे का हे ती तीनदा बघायची, आणि तिसऱ्यांदा बघायला म्हणून एकदा चालू करायची. वेदांगच्या बुटात चिठ्ठी, टोपीत चिठ्ठी, पर्समध्ये वीस जादा चिठ्ठ्या: नाव, पत्ता, नंबर.

अठरा तारखेचा बेत तिच्या सासऱ्यांचा, अच्युतरावांचा होता. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच कादंबरी सतरा वेळा वाचली होती. साठ वर्षांपूर्वी जबलपूरच्याच एका मराठी लेखकाने लिहिलेली, नवसाहित्यातली, फार गाजलेली. तिच्यात काही घडत नाही. एक बिननावाचा माणूस धोतर, काळा कोट आणि करडा मफलर अशा वेषात, हातात फडक्यात बांधलेला डबा घेऊन, जानेवारीतल्या एका दिवशी एक शब्द न बोलता जबलपूरभर हिंडतो. सकाळी कमानिया गेटखाली चाळीस पानं उभा राहतो. दुपारी नर्मदेच्या ग्वारीघाटावर साठ पानं. शेवटी अनोळखी माणसं येऊन त्याला कुठेतरी घेऊन जातात. डब्यात काय होतं ते लेखक सांगत नाही. मंडळात त्यावर दोन परिसंवाद झाले होते आणि दुसऱ्यात खुर्च्या सरकल्या होत्या.

तर ही कादंबरी जागच्या जागी जाऊन वाचायची, असं ठरलं. बारा वाचक महिला, एक मिनीबस आणि नायक म्हणून खुद्द अच्युतराव. त्यावर मंडळाचे कार्याध्यक्ष अंबादासराव उठले. "काहून? नायक काय तुमच्या घरचा आहे का? मी काय नुसत्या सतरंज्या मोजू?"

तीन बैठकांनंतर तोडगा निघाला. सकाळचा नायक अंबादासराव, कमानियाला. दुपारचा नायक अच्युतराव, ग्वारीघाटाला. दोघांनी आपापल्या जागी परस्पर पोहोचायचं, सूर्यास्तापर्यंत तोंड उघडायचं नाही आणि मोबाइल जवळ ठेवायचा नाही, कारण कादंबरीत मोबाइल नाही.

ऋचाची काळजी तिथूनच सुरू झाली. सासूबाई, वसुधाताई, भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या होत्या आणि त्याच संध्याकाळी परतायच्या होत्या. निघताना त्यांनी ऋचाला एवढंच बजावलं होतं, "यांना पुस्तक घेऊन एकट्यांना बाहेर सोडू नको. मी येईन तेव्हा मला हे घरात दिसले पाहिजेत." नवरा अनिमेष बंगलोरला. म्हणजे अच्युतराव गाडीच्या वेळेआधी घरात असणं ही सर्वस्वी ऋचाची जबाबदारी. तिने दोन्ही नायकांच्या कोटाच्या खिशात एकेक चिठ्ठी घातली, दोन्ही डब्यांत तिळाच्या वड्या भरल्या आणि वेदांगला नर्मदाबाईंवर सोपवलं. नर्मदाबाईंनी ओठांवर बोट ठेवून मान हलवली.

मिनीबस कमानियापाशी थांबली तेव्हा गर्दी नेहमीपेक्षा चौपट होती. गेटखाली नायक उभा होता. धोतर, काळा कोट, करडा मफलर डोळ्यांपर्यंत, हातात डबा, नजर शून्यात.

"अय्या, काय उभे राहिलेत!" वाचक मंडळाच्या रुचिरावहिनी कुजबुजल्या. "अंबादासराव असे गंभीर असतात हे माहीतच नव्हतं."

ऋचाने सवयीने नायकाचा खिसा चाचपला. रिकामा. पडली वाटतं चिठ्ठी, म्हणून तिने पर्समधली दुसरी घातली. नायकाने तिच्याकडे पाहिलं, पण नायक बोलत नसतो.

मग बारा बायकांनी त्याच्याभोवती अर्धगोल केला आणि रुचिरावहिनींनी खणखणीत आवाजात वाचलं, "तो कुणाचीच वाट पाहत नव्हता, आणि म्हणूनच कुणीतरी येणार होतं." नायकाने हळूच हात जोडले. वहिनींना गहिवरून आलं. त्यांनी त्याच्या पायाशी झेंडूचं फूल ठेवलं. ते बघून एका बांगडीवाल्याने फूल ठेवलं. मग स्कूटरवरून जाणाऱ्या एका जोडप्याने गाडी बाजूला घेतली.

"कौन महाराज हैं, दीदी?"

"महाराज नाही, नायक हैं," ऋचाने समजावलं.

"अच्छा, नायक महाराज," म्हणत त्यांनी पाया पडून घेतलं. रांग वाढत गेली, आणि तिच्या रेट्याने नायक समोरच्या कापडदुकानाच्या ओट्यावर जाऊन टेकला. बायका घाईने बसमध्ये चढल्या. पुढची साठ पानं वाट बघत होती.

ग्वारीघाटावर उतरल्याबरोबर ऋचाला नर्मदाबाई आठवल्या.

घाटावर सिहोऱ्याचे, पाटणचे, कुठकुठल्या खेड्यांचे म्हातारे आलेले होते. धोतरं, थंडीचे काळे कोट, मफलर, हातात फडक्यात बांधलेले डबे. शेकडो. आणि सगळे गप्प.

"यातले आपले कोणते?" रुचिरावहिनींनी विचारलं.

"जे बोलत नाहीत ते," ऋचा म्हणाली आणि तिला रडूच आलं.

बारा बायका कामाला लागल्या. एकेका म्हाताऱ्यासमोर जाऊन "बाबा? अच्युतराव?" म्हणत मफलर खाली ओढायचा. म्हातारे डोळे वटारायचे, पण व्रत मोडायचे नाहीत. एकाने हातातला लोटा उगारला. रुचिरावहिनींनी जिद्दीने सहा जणांना उतारा वाचून दाखवला. खरा नायक ऐकताच ओळखू येईल असं त्यांचं म्हणणं. सहाच्या सहा जणांनी हात जोडले.

ऋचा हरवलेल्यांच्या मंडपात धावली. "भैया, एक बुज़ुर्ग हैं. काला कोट, ग्रे मफलर. कुछ बोल नहीं रहे."

माइकवरच्या स्वयंसेवकाने तिच्याकडे बघितलं, मग घाटाकडे बघितलं. "दीदी, आज जो बोल रहा हो, वो बताओ. उसको ढूँढ देंगे."

तेवढ्यात अंबादासरावांचा फोन आला. ते घरी होते! आवाजात खवा-जिलबीचा तृप्तपणा आणि अपमान दोन्ही. "मी पाच मिनिटं जिलबी खायला काय गेलो, तुम्ही तिथं दुसरा माणूस उभा केला? वर त्याला फुलं वाहिली! माझ्या समोर! मी बघून राहिलो होतो ना दुकानातून. मला खुर्चीवरून काढायचं होतं तर सरळ सांगायचं."

ऋचाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे कमानियाला उभे होते ते बाबाच! सकाळचा नायक व्हायचा मोह त्यांना आवरला नाही. शंका फिटते न फिटते तोच एका रिक्षावाल्याचा फोन. "दीदी, कमानिया पे बाबूजी बैठे हैं. जेब में आपका नंबर है. घर छोड़ दें?"

"छोड़ दो भैया, लगेच छोड़ दो!"

अर्ध्या तासाने तिने घरी फोन केला. नर्मदाबाईंनी उचलला. पलीकडून नुसते श्वास आले, मग बांगड्या जोरजोरात वाजल्या, मग फोन वेदांगकडे गेला.

"वेदू, आजोबा आले का?"

"आले."

"बरे आहेत ना?"

"मफलर आहे."

"काय करतायत?"

"गप्प आहेत."

ऋचाने घाटाच्या पायरीवर बसून नर्मदामाईला नमस्कार केला. मग ती थेट स्टेशनवर गेली आणि वसुधाताईंना घेऊन घरी आली.

"हे आहेत ना घरी?" वसुधाताईंनी रिक्षातच विचारलं.

"आहेत तर! बैठकीत बसलेत."

खरंच बसले होते. दिवाणावर, खिडकीकडे तोंड करून, मफलर गुंडाळून. वसुधाताईंनी पिशव्या टेकवल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. "हुश्श. ऐका आता. आधी तर मुलाकडच्यांनी काय केलं..."

ऋचा चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. तिथे नर्मदाबाईंनी तिचा हातच धरला. एक बोट नाकाखाली आडवं फिरवलं. मग हनुवटीवरून मफलर खाली ओढल्याची खूण केली. मग पुन्हा नाकाखाली बोट.

"सर्दी झालीये बाबांना?"

नर्मदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि ऋचाला खांद्याला धरून दारापर्यंत नेलं.

मफलर आता खाली आला होता. दिवाणावरच्या माणसाला मिश्या होत्या. झुपकेदार. अच्युतरावांना मिशी कधीच नव्हती.

वसुधाताई त्याला सांगत होत्या, "...आणि शकुने मला काय म्हणावं? जाडी झालीस म्हणे! मी काय बोलणार सांगा." मिश्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

ऋचा बाहेरच्या दाराकडे धावली. म्हणजे बाबा अजून घाटावरच! दिवस मावळत आला होता, पाण्याला ओढ होती, ती चपला शोधत असतानाच फोन वाजला.

"दीदी, मैं गीतांजली, सिहोरा से. हमारे यहाँ एक बाबूजी आ गए हैं. जेब में आपका नंबर निकला."

"कसे आहेत? मतलब, ठीक हैं ना?"

"एकदम बढ़िया. हमारे बाबूजी को कमानिया पे खड़ा करके हम चूड़ी लेने गए, लौटे तो थे नहीं. सोचा घाट निकल गए होंगे. वहाँ देवर जी को ये मिले, हाथ पकड़ के टेम्पो में बिठा लिए. ये भी चुपचाप बैठ गए."

बसणारच. शेवटच्या प्रकरणात अनोळखी माणसं येतात आणि त्याला घेऊन जातात. मंडळाने एवढी चोख व्यवस्था केली म्हणून अच्युतराव आयुष्यात पहिल्यांदा मंडळावर खूश होऊन टेम्पोत बसले असणार.

"पण तुमच्या लक्षात नाही आलं? मूँछ नहीं थी ना?"

"हमने सोचा, अमावस पे मुंडवा ली होगी. पर खाने के बाद इन्होंने अपनी थाली ख़ुद धोई. तब अम्मा बोलीं, ये अपने वाले नहीं हैं."

कादंबरीच्या दोनशे सातव्या पानावर नायक ताट धुतो. घरात मात्र सतरा वाचनांनंतरही अच्युतरावांच्या हाताला ते पान लागलं नव्हतं.

"और डब्बे में तिल की बर्फ़ी बहुत अच्छी थी, दीदी. बच्चों ने ख़तम कर दी." साठ वर्षांचा प्रश्न सिहोऱ्याच्या पोरांनी असा पाच मिनिटांत मिटवला.

आता रात्री कुठे जायचं? दोन सुनांचं ठरलं: सकाळच्या बसने त्यांचे तिकडे, आमचे इकडे. गीतांजलीने जरा घुटमळत विचारलं, "जल्दी तो नहीं है ना? हमारे बाबूजी दिन भर चिल्लाते हैं. आज घर में इतनी शांति है..."

वसुधाताईंना कसं सांगायचं? ऋचा तीनदा बैठकीच्या दारापर्यंत गेली आणि तीनदा परतली. लग्न आता पंगतीपर्यंत आलं होतं. शेवटी जेवणं झाली, बाबूजींना दिवाणावरच गोधडी मिळाली आणि वसुधाताई आपल्या खोलीत जायला उठल्या.

"आई," ऋचाने त्यांना दारात गाठलं, "ते आपले बाबा नाहीत."

"माहीत आहे मला."

"माहीत? कधीपासून?"

"चाळीस वर्षं झाली बाई लग्नाला. दोन मिनिटांच्या वर ऐकून घेतलं, तेव्हाच समजलं."

"मग बोलल्या काहून नाहीत?"

"अर्धं लग्न सांगून झालं होतं. मधातच कशी थांबू?" मग जरा आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "हे आहेत ना बरे?"

"सिहोऱ्याला आहेत. ताट धुतलं म्हणे स्वतःचं."

वसुधाताईंनी दिवाणावरच्या गोधडीकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "सकाळच्या बसची काही घाई नाही. दुपारचीही असते."

सकाळी व्रत सुटलं. बाबूजींनी उठल्या उठल्या पहिलं वाक्य उच्चारलं, "चाय में शक्कर कम है!" आणि ते इतक्या जोरात की वेदांग पलंगाखाली गेला. वसुधाताईंनी खुर्ची मागे सरकवली. "पहिल्याच बसने पाठव."

अच्युतराव दुपारी आले ते तरंगतच. चपला काढता काढता, का कोण जाणे, त्यांनी बायकोला विचारलं, "मग? लग्न कसं झालं नागपूरचं?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. वसुधाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काल सगळं सांगितलं ना. तुमचं लक्षच नसतं."

पुढची अमावस्या जवळ आली तेव्हा गीतांजलीचा फोन आला. सहजच, म्हणाली. बोलता बोलता अम्मांचा निरोपही आला: तुमच्या बाबूजींना पुस्तक वाचायला निवांत जागा हवी असेल तर सिहोऱ्याचा ओटा मोकळा आहे. ऋचाने फोनवर हात ठेवून सासूबाईंकडे बघितलं. वसुधाताईंच्या मनात नागपूरची आणखी दोन लग्नं साठली होती.

"पण त्यांचे इकडे आले तर या अमावस्येलाही गप्प राहणार आहेत का, ते विचार आधी," त्या म्हणाल्या.

तेव्हा ऋचाचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. गोष्ट खाली ठेवा आणि बैठकीत जाऊन या. तिथे कुणी मफलर गुंडाळून बसलं असेल, तुमचं शांतपणे ऐकत असेल, मध्ये एकदाही बोलत नसेल, तर कोटाच्या खिशात हात घालून बघा. चिठ्ठी सापडली तर फोन करा. घाई नाही, तुमचं सांगून झालं की करा.