साहेबांचा गोल

मुलींना फुटबॉल खेळण्यास प्रोत्साहन द्यावे, असं पत्र वरच्या ऑफिसातून आलं आणि त्या दिवसापासून शाळेतल्या मुलींचा फुटबॉल बंद पडला.

तोवर तो बिनबोभाट चालू होता. शाळा सुटली की नववी-दहावीच्या अकरा जणी मैदानात उतरायच्या आणि खेळाच्या बाई घसा बसेपर्यंत ओरडायच्या. या अकरा जणी जमवायला बाईंना दीड वर्ष लागलं होतं. एकीच्या आईला पोर उन्हात काळवंडेल ही धास्ती, तर दुसरीच्या बाबांनी पाय मोडला तर तुम्ही निस्तरणार का, असं तोंडावर विचारलेलं. बाईंनी घरोघरचे उंबरे झिजवले होते आणि आता कुठे पलीकडच्या शाळेशी पहिली मॅच ठरली होती, शनिवारी चार वाजता.

मुख्याध्यापकांनी पत्र दोनदा वाचलं आणि बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, प्रोत्साहन द्यायला हवं."

"सर, मुली खेळतायत की."

"खेळणं वेगळं. प्रोत्साहनाचा अहवाल पाठवावा लागतो."

अहवालासाठी कार्यक्रम हवा, कार्यक्रमाला पाहुणे हवेत आणि पाहुण्यांसमोर माणसं बसलेली दिसायला हवीत. म्हणून मैदानभर खुर्च्या मांडल्या गेल्या. फुटबॉलवर निबंध, घोषवाक्यं आणि चित्रं मागवली. शाळेत फुटबॉलमधलं कळणाऱ्या अकराच जणी, तेव्हा सगळं त्यांच्याच गळ्यात पडलं. बॉल पुसूनबिसून स्टेजवरच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी लावली. कार्यक्रमही शनिवारीच ठरला. मॅचचं काय, असं बाईंनी विचारलं तेव्हा वेळ उरला तर बघू, असं उत्तर मिळालं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरींना खेळायचं होतं आणि खेळू नका म्हणणारं कुणी नव्हतं, तरी खेळ बंद! भांडायचं तरी कुणाशी?

शनिवारी पलीकडच्या शाळेच्या मुली वेळेवर आल्या. त्यांना मागच्या रांगेत बसवून प्रेक्षकांत मोजून टाकलं. वरच्या ऑफिसातले साहेब अर्धा तास उशिरा आले. आधी साहेबांनी गोल मारायचा, त्याचा फोटो निघायचा, मग मुख्याध्यापकांचं पाऊण तासाचं भाषण, असा बेत होता. गोलमध्ये लंबूला उभं केलं होतं. नववीतली ही पोर गोलकीपर होती आणि तिला फोटोतलं काही कळत नव्हतं.

साहेबांनी बॉलला पाय लावला. लंबूने तो पकडला आणि नम्रपणे परत दिला. साहेब हसले. दुसऱ्यांदा त्यांनी जरा जोर लावला, तोही तिने अडवला. आता फक्त फोटोग्राफर हसत होता.

मुख्याध्यापक बाईंच्या कानाशी आले. "तिला सोडायला सांगा. फोटो झाल्याशिवाय कार्यक्रम पुढे सरकणार नाही आणि कार्यक्रम उरकल्याशिवाय मैदान मिळणार नाही."

बाई गोलकडे निघाल्या. एका बॉलचा तर प्रश्न, त्यात काय एवढं, असं त्या मनाशी म्हणत होत्या. मॅच महत्त्वाची होती.

"बाई, सोडू का?" लंबूने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

बाईंना स्वतःचीच चीड आली. जाऊ दे, सोडून दे, मुलीच्या जातीला काय करायचंय, असं म्हणणाऱ्यांशी त्या दीड वर्ष भांडल्या होत्या आणि आज तेच सांगायला त्या स्वतः चालत आल्या होत्या. त्या तशाच मागे वळल्या आणि थेट साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, तिची डावी बाजू कच्ची आहे. तुमच्या उजवीकडे, खाली मारा."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. साहेबांनी क्षणभर बाईंकडे पाहिलं, कोट काढून मुख्याध्यापकांच्या हातात दिला, चार पावलं मागे गेले आणि उजवीकडे, खाली, खरोखरच जोरात मारला. सहा महिने बाई घसा फोडून सांगत होत्या तरी लंबूचा हात त्या कोपऱ्यात कधी पोचला नव्हता. आज पोचला. सगळ्यात आधी टाळ्या पलीकडच्या शाळेच्या मुलींनी वाजवल्या.

साहेबांना धाप लागली होती. "यांची मॅच किती वाजता आहे?"

"चारला होती," बाई म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजायला आले होते. "मग खुर्च्या उचला," ते म्हणाले आणि स्वतःची खुर्ची त्यांनी स्वतःच उचलली.

बाईंच्या मुली दोन-एकने हरल्या. बाईंचा आवाज पुढे तीन दिवस बसला होता. सोमवारी मुख्याध्यापकांनी अहवाल पाठवला. त्यात लिहिलं होतं, 'कार्यक्रमाच्या दिवशी मुली ऐनवेळी फुटबॉल खेळू लागल्याने भाषण होऊ शकले नाही. सबब, मुलींना प्रोत्साहन देणे राहून गेले आहे.'