डोंगरेभाऊंचा रिकामा तक्ता

डोंगरेभाऊ संगणकातली माहिती कधीच वाचत नसत. तिच्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. "मानसानं भरली हाय ते," म्हणायचे, "मानूस काईबी भरते."

ते वाचायचे ती यादी. अर्जुनी मोरगावच्या आमच्या कार्यालयात संगणक येऊन सहा-सात वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. डेटाबेस स्वतःबद्दल एक यादी ठेवतो: आत तक्ते किती, प्रत्येकात रकाने कोणते, त्यात किती अक्षरं मावतात, कोणता रकाना रिकामा चालत नाही, तक्ता कोणी बनवला. भाऊ रोज सकाळी ती छापायचे आणि कालच्या कागदाशी पट्टी लावून ताडून पाहायचे. एखादा रकाना जास्त दिसला की लाल पेन निघायचं. "कोनं केलं?" मी चहाला उठले तरी, "काऊन उठल्या जी, बाई?"

त्या यादीत तिचं स्वतःचंही नाव असतं, याचं त्यांना फार कौतुक. "हपिसात हे एकच इमानदार हाय. सोताले बी लपवत नाही."

या संशयाला मी सहा वर्षं वैतागले होते. त्यामुळे भाऊ रजेवर असताना साहेबांनी रिकामे तक्ते काढून टाकायला सांगितले, तेव्हा यादी मी जरा खुनशीपणानेच उघडली. एक तक्ता सापडला. नाव, सुनंदा. बनवणारे, डोंगरे. आत एकही ओळ नाही. चोर सापडला म्हणून मी खूश झाले.

मग रकाने वाचले. 'तारीख'. 'काय बोलली', इथे सगळ्यात जास्त अक्षरांची जागा होती. 'कधी येणार', त्यापुढे अट, रिकामा चालणार नाही.

सुनंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिने आपल्या मर्जीने लग्न केलं, तेव्हा भाऊंनी तिला घरी येऊ नको म्हणून बजावलं होतं. ती दरेकशाला असते.

दुसऱ्या दिवशी भाऊ रजेवरून आले तेव्हा मी विचारलंच. भाऊंनी आधी दाराकडे पाहिलं.

"फोन येते तिचा. तब्येत इचारते. कवा येते ते सांगत नाही. मंग मशीन ओळच घेत नाही."

"तुम्ही ये म्हणालात का कधी?"

ते कागद सारखे करत बसले. मला त्यांची फार दया आली.

काढायच्या तक्त्यांच्या कागदावर मी सुनंदासमोर त्यांच्याच लाल पेनने 'कामाचा' असं लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. पट्टी त्या ओळीवर थांबली. कोनं केलं, असं त्यांनी विचारलं नाही. कार्यालयातला फोन जवळ ओढला.

"बाई, जरा चहा घेऊन या ना जी."

मी उठले आणि चहाच्या टपरीवर मुद्दाम बराच वेळ उभी राहिले.