निर्धोक जागा पाहिजे

निसर्गाचा कोप कोणालाही टळत नाही; तो शेजारच्या घरावर व्हावा, एवढी तजवीज मात्र करता येते. विमा कंपनीत आपत्ती विभाग सांभाळणाऱ्या साहेबांची या तत्त्वावर गाढ श्रद्धा होती. म्हणूनच घरमालकाने महिनाअखेर जागा सोडायला सांगितली, तेव्हा बायको रडकुंडीला आली आणि साहेबांना उकळ्या फुटल्या. आजवर परक्यांच्या घरांची काळजी केली, आता स्वतःच्या घराची करायला मिळणार होती!

पहिलं घर नदीकाठी. "पाणी दिसतंय म्हणजे पाण्यालाही आपण दिसतोय," म्हणत साहेबांनी बायकोला बाहेर काढलं. दुसरं टेकडीवर, टेकडीच खाली यायच्या तयारीत दिसली. तिसरं पायथ्याशी, म्हणजे वरून दरड, खालून पूर (दोन्ही एकदम आले तर घर जागच्या जागी राहील, इति दलाल). बारावा मजला भूकंपामुळे बाद, तळमजला पुरामुळे. सहावा दोन्हींमुळे निम्मा-निम्मा.

दलालाने हात टेकले. "साहेब, तुम्हाला घर नकोय, आभाळ हवंय."

"तिथे विजा असतात."

शेवटी साहेबांना नुकतेच प्लॉट पाडलेला एक माळ सापडला. नदी नाही, डोंगर नाही, पडायला झाडही नाही.

"मग तिथे आहे काय?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही!" साहेबांनी आनंदाने तिला चक्क उचललं.

प्लॉट वाटपाच्या दिवशी पाहतात तो काय, निम्मं शहर माळावर हजर. सगळे सावध, अभ्यासू. काहींनी हेल्मेटही घातलेलं. फाटक उघडताच सुरक्षिततेच्या ओढीने असा लोंढा घुसला, की साहेब आडवे झाले आणि एक निवृत्त हवामानतज्ज्ञ त्यांच्या पायावरून धावत गेले. पाय मोडला. (चेंगराचेंगरी नैसर्गिक आपत्तीत बसत नाही, सबब भरपाई नाही. नियम साहेबांचाच.)

साहेब प्लास्टरमध्ये अडकलेले असताना बायकोने शहरातच, वरच्या मजल्यावरचं एक घर घेऊनही टाकलं.

"जमिनीची चौकशी केलीस?"

"शेजारणीची केली. चांगली आहे."

"आणि भिंतीला हा तडा?"

"त्यावर आरसा लावणार आहे."

राहायला गेल्यावर आठवड्याभरात भूकंप झाला. बेताचाच, भांडी वाजली, आरसा तिरका झाला. साहेब ओरडायच्या आत शेजारीण आणि तिचा नवरा घुसले आणि त्यांना खुर्चीसकट उचलून निघाले. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. "अहो, पाय आत घ्या!" शेजारीण म्हणाली. "तो वळत नाही हो!" म्हणता म्हणता साहेबांनाच हसू फुटलं, मग तिला, मग मागून उशी घेऊन येणाऱ्या बायकोला. रस्त्यावर अख्खी गल्ली जमली. कोणीतरी चहा आणला. घर उभं होतं. इतकं धोक्यात आणि इतकं मजेत साहेब आयुष्यात कधी नव्हते.

त्यांना हसणाऱ्या सुज्ञ वाचकांस नम्र विनंती: साहेबांनी निदान जमीन तरी पाहिली होती. आपण घर घेताना बाथरूमच्या फरशीचा रंग पाहिला होता. आणि आत्ताही, डोक्यावरच्या छताकडे एकदा बघायचं सोडून, तो रंग नेमका कोणता होता हेच आठवत बसला आहात.