गोविंदरावांची सलगी

तिकीट मागण्याआधी उतारूला दोस्त करून टाकणारा माणूस आमच्या कर्जत स्टेशनावर एकच, तिकीट कलेक्टर गोविंदराव. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिन लावेपर्यंत हे प्लॅटफॉर्मभर हिंडत. पंजाबी शिपाई दिसला की "ओए यारा!", मद्रासी दिसला की "मच्चान!", गुजराती शेटला "भेरू!", गोव्याच्या खलाशाला "पात्रांव!" यांतली भाषा एकही येत नसे. दोस्ताला हाक मारायचा तेवढा शब्द पाठ.

"एक शब्द पुरतो हो," ते म्हणत. "पुढचं माणूस हसून भागवतं."

सगळेच हसत नसत. पहिल्या वर्गातल्या एका गोऱ्या साहेबाला यांनी "ओल्ड चॅप" म्हटलं आणि वरून मेमो आला. इंग्रजीत खुलासा लिहायचा कोणी? मी. मी पार्सल क्लार्क. पेट्या नि करंड्या उतरवून घेताना आधीच कंबरेचा काटा ढिला झालेला, त्यात यांची दोस्ती निस्तरायची. असे चार खुलासे लिहिल्यावर मी हात टेकले.

"गोविंदराव, साऱ्या मुलखाशी सलगी करता, आणि दहा वर्षं शेजारी बसून मी मात्र 'अहो भाऊसाहेब'! मराठीत शब्द नाही का?"

त्यांनी हातातला तिकिटाचा पंच टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आहे. लेका. पण तो धर्माचा."

धर्मा त्यांच्या कळंब गावावरच्या ठाकरवाडीतला. दोघांनी लहानपणी गुरं राखली, ओढ्यात खेकडे धरले. यांना नोकरी लागली त्याच आठवड्यात धर्मा स्टेशनावर आला आणि स्टेशनमास्तरांदेखत ओरडला, "गोंद्या लेका, काय डगला रं तुजा!" यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे म्हणाले, "कोण आपण?"

धर्मा आल्या पावली निघून गेला. त्याला पंधरा वर्षं झाली होती.

गेल्या मार्गशीर्षात तो पुन्हा दिसला. केस पिकलेले, हातात मधाचं मडकं. खालापूरकडे लेकीला भेटायला खोपोलीच्या गाडीने निघाला होता. गोविंदराव धावतच गेले.

"धर्मा! लेका, कुठं होतास रं?"

धर्माने कनवटीचं तिकीट काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं. "तिकीट हाय, सायेब."

"तिकीट नको रं. येकदा लेका म्हन मला."

"नाय सायेब. तुमी मोटी मान्सं. आमी कसं म्हनावं?"

तो डब्यात जाऊन बसला. गाडी हलली, आणि आमचे गोविंदराव पळत जाऊन त्याच डब्यात चढले. ड्यूटी संपायला अजून चार तास होते. खिडकीतून मला एवढंच दिसलं, की त्यांनी धर्माचा हात घट्ट धरला होता आणि धर्मा तो सोडवून घेत नव्हता.

गेटावर त्यांच्या जागी मीच उभा राहिलो. पाय भरून आले होते, तरी त्यांच्यावर चिडायचं मला काही जमलं नाही.