माईंची टोपली जगभर

साहेबांना मी छातीठोकपणे सांगितलं, “उद्या संध्याकाळपर्यंत आपली साइट जगात कुठेही पापणी लवायच्या आत उघडेल! नाहीतर माझी खुर्ची दुसऱ्याला द्या!”

“देतो,” साहेब म्हणाले. पगारवाढीला ते इतक्या चटकन कधी हो म्हणाले नव्हते!

आमचं ऑनलाइन दुकान. सर्व्हर इथे, गिऱ्हाईक सातासमुद्रापार. तिकडे पान उघडेपर्यंत पोराच्या बुटाचा नंबर बदलायचा! त्यावर उपाय एज कॉम्प्युटिंग. म्हणजे ठिकठिकाणी छोटे सर्व्हर बसवायचे. पहिल्या गिऱ्हाइकाला दिलेलं पान त्यांनी जपून ठेवायचं आणि पुढच्यांना दारातल्या दारात द्यायचं.

कंबर कसली, सर्व्हर बसवले. चाचणीला सासूबाईंना, म्हणजे माईंना, फोन लावला. त्या सध्या पलीकडच्या खंडात, थोरल्या मेव्हणीकडे.

“जावईबापू, उघडलं हो! विजेसारखं!”

मी खुर्चीत मस्त रेलून बसलो.

तेवढ्यात साहेब धावत आले. “अरे, त्या अख्ख्या खंडात जो कोणी साइट उघडतोय, त्याला ‘नमस्कार, माई!’ दिसतंय! आणि टोपलीत गुडघ्याचा पट्टा, गुलाबी गाउन आणि ‘जावयाच्या टकलासाठी तेल’! कोण ही माई?”

मी नकळत डोक्यावर हात ठेवला. साहेबांना उत्तर मिळालं!

गिऱ्हाइकाच्या नावाचं पान जपायचं नाही, हे सर्व्हरला बजावायचं राहूनच गेलं होतं! माघार घेईन तर शपथ! जपलेलं पान पुसलं. पुन्हा माई! परत पुसलं. परत माई!

फोन केला. “माई, काय करताय?”

“बघतेय ना, अजून तसंच पळतंय का! तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे!”

म्हणजे दर वेळी पहिलं गिऱ्हाईक याच!

“माई, हात जोडतो, जरा बघू नका! सगळ्यांना ‘नमस्कार, माई’ दिसतंय!”

“बरं! कामापुरती सासू!” फोन आपटला.

मग सर्व्हरला नीट बजावलं, सगळ्यांना बाहेर काढून नव्याने लॉगिन करायला लावलं. संध्याकाळी साइट सगळीकडे पळत होती, ज्याचं नाव त्यालाच दाखवत होती. साहेब म्हणाले, “खुर्ची राहिली तुझी.”

मी कॉलर ताठ करतोय तोच फोन वाजला.

“जावईबापू, दुपारी अख्खं जग मला नमस्कार घालत होतं. आता तुमची साइट मलाच विचारतेय, तुम्ही कोण? आणि केवढ्या चटकन विचारतेय!”